फरच्या डेऱ्यात अळी नेमकी कुठे असते: माटापेडिया खोऱ्यातील प्रकल्प नोंदी

६ मे

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या पूर्वेकडील माटापेडिया खोऱ्यात आम्ही पोहोचलो तेव्हा रस्ते मोकळे झाले होते, पण झाडांच्या दाट सावलीत बर्फ अजून घोट्यापर्यंत साचलेला होता. या हंगामात आम्हाला एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायचा आहे. स्प्रूस बडवर्म ही पाने खाणारी अळी बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाच्या कोणत्या भागात, वर्षाच्या कोणत्या काळात आणि किती प्रमाणात सापडते, हा तो प्रश्न. नावात स्प्रूस हे दुसरे सूचिपर्णी झाड असले तरी हिचा सर्वांत मोठा घाव बाल्सम फरवर बसतो आणि पांढरा, तांबडा व काळा स्प्रूस त्याच्या मागून येतात. पूर्व कॅनडात विसाव्या शतकात साधारण १९१०, १९४० आणि १९७० च्या सुमारास हिचे मोठे उद्रेक सुरू झाले, आणि क्वेबेकमधील अलीकडचा उद्रेक २००६ पासून पसरत गेला. इथले फ्रेंच बोलणारे लोक तिला नुसते 'तोर्द्यूझ', म्हणजे पिळणारी किंवा गुंडाळणारी, म्हणतात. भातावरच्या आणि सोयाबीनवरच्या 'पाने गुंडाळणाऱ्या अळी'ची आठवण यावी असेच हे नाव आहे, आणि कोवळ्या सुया धाग्याने ओढून बांधून त्यांच्या आडोशाला बसणाऱ्या या अळीला ते शोभतेही.

पूर्ण वाढलेल्या एका फरवर हजारो कोंब असतात. सगळे झाड मोजणे कोणालाच शक्य नसते, म्हणून एक फांदी कापायची, तिच्यावरच्या अळ्या मोजायच्या आणि त्या आकड्यावरून झाडाचा, झाडावरून जंगलाचा अंदाज बांधायचा, ही रूढ पद्धत आहे. ती फांदी झाडाच्या कोणत्या उंचीवरून घेतली, यावर पुढचे सगळे आकडे अवलंबून असतात. शेजारच्या न्यू ब्रंसविक प्रांताच्या वायव्येकडील ग्रीन रिव्हर परिसरात १९४० च्या दशकात सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात आर. एफ. मॉरिस यांनी हा प्रश्न पहिल्यांदा पद्धतशीरपणे हाताळला, आणि पाने खाणाऱ्या वनकीटकांचे नमुने कसे घ्यावेत यावरचा त्यांचा १९५५ चा प्रदीर्घ लेख आजही या कामाचा पाया मानला जातो. त्यांच्याच रीतीने आम्ही डेऱ्याचे, म्हणजे झाडाच्या फांद्यांच्या पसाऱ्याचे, वरून खाली चार पट्टे पाडले आहेत: शेंड्याचा अ, त्याखालचा ब, मग क, आणि जमिनीलगतच्या फांद्यांचा ड.

दहा मीटरच्या आसपास उंचीची बारा झाडे आम्ही निवडली. प्रत्येक फेरीत प्रत्येक झाडाच्या चारही पट्ट्यांतून एकेक फांदी घ्यायची आहे. कोणत्या पट्ट्यात फांद्यांचे एकूण क्षेत्रफळ किती, हे कळण्यासाठी रानाच्या मालकांनी त्याच वयाची आणखी तीन झाडे पाडू देण्याचे कबूल केले. या परवानगीचे मोल मोठे आहे, आणि ते का, हे जूनच्या नोंदीत येईल.

१४ मे

काल आणि आज ऊन चांगले पडले. हिवाळाभर सालीच्या भेगांत, जुन्या परागशंकूंच्या (नर शंकूंच्या) वाळक्या खवल्यांखाली आणि फांद्यांवर वाढलेल्या दगडफुलात विणलेल्या इवल्याशा रेशमी कप्प्यांतून दुसऱ्या अवस्थेतील, म्हणजे एकदा कात टाकलेल्या, अळ्या बाहेर पडू लागल्या आहेत. ही अळी एवढी बारीक असते की काळ्या कापडावर फांदी झटकून भिंगातून पाहिल्याशिवाय ती आहे की नाही हे सांगता येत नाही.

या अवस्थेतील अळीची ओढ प्रकाशाकडे असते. त्यामुळे ती फांदीच्या बुडाकडून टोकाकडे चालत जाते, टोकाला पोहोचल्यावर धागा सोडून लोंबकळते, आणि वाऱ्याची झुळूक आली की धाग्यासकट उडते. काही अळ्या त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर उतरतात, काही शेजारच्या झाडावर जातात, आणि बऱ्याच जमिनीवर किंवा बर्चसारख्या, तिच्या खाण्यात नसलेल्या झाडावर पडून संपतात. म्हणजे हिवाळ्यात जी मांडणी होती ती या दोन आठवड्यांत विस्कटून नव्याने घडते. 'अळी झाडात कुठे असते' या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तर देता येत नाही, ही गोष्ट मी वाचली होती, पण आज दुपारी तिरप्या उन्हात एका फांदीच्या टोकाशी चमकणारे धागे पाहताना ती खऱ्या अर्थाने उमजली.

२१ मे

कळ्या अजून फुगलेल्या नाहीत. तोवर अळ्या गेल्या एकदोन वर्षांच्या सुया पोखरून आत राहतात. पोखरलेली सुई ओळखण्याची खूण म्हणजे बुडाशी असलेले सूक्ष्म भोक आणि त्याच्या तोंडाशी विष्ठेचे कण अडकलेला धाग्याचा पुंजका. अशी सुई नखाने उभी चिरली की आत पिवळसर अळी आणि काळे डोके दिसते.

ज्या झाडांना यंदा परागशंकू आले आहेत, तिथे गोष्ट निराळी आहे. फरचे मादी शंकू अगदी शेंड्याला उभे राहतात, आणि नर शंकू त्यांच्या खालच्या भागात, गेल्या वर्षीच्या डहाळ्यांच्या खालच्या अंगाला ओळीने लागतात. परागकणांचे मऊ आणि पौष्टिक खाद्य कळ्या उघडण्याआधीच मिळत असल्यामुळे अशा फांद्यांवर लहान अळ्या जास्त जगतात आणि लवकर वाढतात. म्हणूनच फुलोरा आलेल्या झाडाच्या वरच्या अर्ध्या भागातील फांदी आणि फुलोरा नसलेल्या झाडाची त्याच उंचीवरची फांदी एकाच रकान्यात लिहिणे मला योग्य वाटत नाही. आजपासून प्रत्येक फांदीपुढे परागशंकू आहेत की नाहीत, हे लिहिण्याचे ठरवले. जॅक पाइनवर जगणाऱ्या हिच्याच जवळच्या नातलग अळीचे तर अवघे नशीबच परागशंकूंवर अवलंबून असते, म्हणून या नोंदीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

३ जून

फरच्या कळ्या उघडल्या. पांढरा स्प्रूसही जवळपास त्याच वेळी उघडला आहे, आणि काळा स्प्रूस मात्र अजून मिटलेला आहे. तो साधारण दोन आठवडे मागे असतो, आणि हा उशीरच त्याला बराचसा वाचवतो, कारण भुकेल्या अळीला कोवळे खाद्य हवे असते तेव्हा त्याची कळी कठीण आणि राळेने माखलेली असते.

आज एकच फांदी फार बारकाईने पाहिली. ब पट्ट्यातली, उत्तरेकडची, टोकापासून ४५ सेंटिमीटर कापलेली. तिच्यावर ३४ नवे कोंब होते. त्यांतले बरेचसे वरून निरोगी दिसत होते, कारण फिकट हिरव्या सुया ब्रशच्या केसांसारख्या एकत्र होत्या. चिमट्याने एकेक कोंब उलगडला तेव्हा १३ कोंबांत सुयांच्या बुडाशी धाग्याचे पातळ अस्तर सापडले आणि त्या प्रत्येक अस्तराखाली एक अळी होती. दोन कोंबांत अस्तर होते, विष्ठा होती, पण अळी निघून गेलेली होती. कोंब उलगडून न पाहता वरवर मोजले असते तर मी फार तर चार अळ्या लिहिल्या असत्या. एका फांदीला पाऊण तास लागला, आणि बोटांना लागलेली राळ रात्री खोबरेल तेल चोळून काढावी लागली.

फवारणीचे वेळापत्रकही या दडून बसण्यावरच ठरते. न्यू ब्रंसविकमध्ये १९५२ पासून विमानातून डीडीटी फवारले गेले, आणि पुढे त्याची जागा इतर औषधांनी व शेवटी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूने घेतली. हा जिवाणू अळीच्या पोटात गेल्याशिवाय काम करत नाही. अळी सुईच्या आत किंवा मिटल्या कळीत असताना औषध बाहेरच्या बाहेर वाया जाते. कोंब उमलून अळी उघड्यावर खाऊ लागली, पण अजून फार खाल्लेले नाही, अशी ती मोजकी खिडकी पकडावी लागते. शेंड्याचे कोंब आणि खालच्या फांद्यांचे कोंब एकाच दिवशी त्या टप्प्यावर येत नाहीत, त्यामुळे एकाच झाडात ही खिडकी वेगवेगळ्या वेळी उघडते.

९ जून

आज एक चूक उघडकीस आली आणि ती स्पष्टपणे नोंदवून ठेवते. पहिल्या फेरीत आम्ही लांब दांड्याच्या कात्रीने फांदी कापून ती खाली पसरलेल्या ताडपत्रीवर पडू देत होतो. अळ्या बारीक होत्या आणि सुयांत दडलेल्या होत्या, तोवर त्यात फारसे बिघडत नव्हते. आता मात्र त्या तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेत आहेत, आणि धक्का बसला की कोंबातून मागच्या मागे सरकून, धागा सोडून, क्षणात खाली निसटतात. आज सहकाऱ्यांनी झाडाखाली उभे राहून वर पाहिले तेव्हा फांदी कापली जाताच तिच्यापासून तीन अळ्या धाग्यावर लोंबताना दिसल्या, आणि त्या ताडपत्रीच्या बाहेर पडल्या.

यात सर्वांत घातक गोष्ट अशी की ही गळती सर्व पट्ट्यांत सारखी नसते. अ पट्ट्यातली फांदी नऊ मीटरवरून पडते आणि वाटेत इतर फांद्यांवर आपटत येते, तर ड पट्ट्यातली फांदी हातानेच धरता येते. म्हणजे वरच्या भागातल्या अळ्या आपोआप कमी मोजल्या जातात आणि खालच्या भागातल्या पूर्ण मोजल्या जातात. जो फरक शोधायला आम्ही आलो, तोच फरक आमच्या पद्धतीने पुसला जात होता. कात्रीच्या पात्याखाली लोखंडी कडीला कापडी झोळी बांधून फांदी झोळीतच पडेल अशी व्यवस्था या कामात पूर्वीपासून केली जाते. ती आमच्या सामानातही होती, पण झोळीचे वजन पेलत नाही म्हणून आम्ही ती काढून ठेवली होती. ती परत लावली. ७ आणि ८ जूनच्या अ आणि ब पट्ट्यांच्या नोंदी मी खोडल्या नाहीत, पण त्यांच्यावर लाल खूण केली आहे आणि त्या हिशेबात घेणार नाही.

काळ्या माश्यांनी आज फार छळले. दोन्ही हात दांड्यावर असताना त्या कानामागे बसतात.

१७ जून

आज पाडलेल्या तीन झाडांच्या फांद्यांचे मोजमाप पूर्ण झाले, आणि संध्याकाळी बसून या प्रकल्पाचा गाभा काय आहे, हे स्वतःसाठी नीट लिहून काढावे असे वाटले.

'अळी वरच्या भागात जास्त असते' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते आणि ते खोटे नाही. पण 'जास्त' या शब्दात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. फांदीच्या एका चौरस मीटरवर किती अळ्या आहेत, हा दाटीचा प्रश्न आहे. झाडावरच्या एकूण अळ्यांपैकी किती त्या पट्ट्यात आहेत, हा वाट्याचा प्रश्न आहे. फरचा आकार शंकूसारखा निमुळता असतो. शेंड्याला दाटी सर्वांत जास्त असली तरी तिथे फांद्यांचे क्षेत्रफळच थोडे असते, आणि त्यामुळे बहुतेक अळ्या प्रत्यक्षात मधल्या भागात असतात.

हे समजून घेण्यासाठी मी एक काल्पनिक झाड घेतले. समजा अ पट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर, ब चे ६, क चे ९ आणि ड चे ५ आहे. हंगामाच्या सुरुवातीला दर चौरस मीटरवर अनुक्रमे ४०, ३०, २० आणि १० अळ्या आहेत. मग अ मध्ये ८०, ब मध्ये १८०, क मध्ये १८० आणि ड मध्ये ५०, अशा एकूण ४९० अळ्या झाल्या. सर्वांत दाट असलेल्या शेंड्याचा वाटा जेमतेम १६ टक्के, आणि मधल्या दोन पट्ट्यांचा ७३ टक्के. झाडाची खरी सरासरी चौरस मीटरला २२ च्या आसपास येते. चारही पट्ट्यांच्या दाटीची नुसती सरासरी काढली तर २५ येते, म्हणजे क्षेत्रफळ विसरले की आकडा फुगतो. ब आणि क एकत्र धरले तर २४ येते. मॉरिस यांनी मधल्या भागातली फांदी का निवडली, त्याचे उत्तर इथे आहे: ती फांदी झाडाच्या सरासरीच्या जवळ जाते, आणि शिडी न लावता कात्रीने हाती लागते.

आता हंगामाच्या शेवटाकडे जाऊ. समजा निम्म्या अळ्या मेल्या. त्याच वेळी शेंड्याचे कोवळे खाद्य संपल्यामुळे उरलेल्यांपैकी बऱ्याच खाली सरकल्या. दाटी अ मध्ये ५, ब मध्ये १०, क मध्ये १५ आणि ड मध्ये ८ झाली. एकूण अळ्या २४५, म्हणजे बरोबर निम्म्या. पण ज्याने दोन्ही वेळा फक्त क पट्ट्यातील फांदी घेतली, त्याच्या वहीत २० वरून १५ अशी नोंद होईल, आणि तो लिहील की एक चतुर्थांश अळ्या मेल्या. जंगलात निम्म्या मेल्या आणि वहीत पाव मेल्या! त्या दोन आकड्यांमधला फरक हा मृत्यूचा नाही, स्थलांतराचा आहे. ब आणि क दोन्हींतून फांदी घेऊन क्षेत्रफळाप्रमाणे वजन दिले तर २४ वरून १३, म्हणजे ४६ टक्के मृत्यू असे येते, आणि ते सत्याच्या बरेच जवळ आहे.

हे आकडे मी कल्पिलेले आहेत, पण त्यांमागची चूक कल्पित नाही. कोणत्या अवस्थेत किती अळ्या मरतात, परोपजीवी कीटकांचा वाटा किती, पक्ष्यांचा किती, फवारणीने किती फरक पडला, हे सगळे दोन मोजण्यांमधल्या वजाबाकीवर ठरते. मधल्या पट्ट्याची दाटी आणि झाडाची सरासरी यांचे गुणोत्तर हंगामभर कायम राहते, असे गृहीत धरूनच ती वजाबाकी करता येते. ते गुणोत्तर आपल्या झाडांवर, आपल्या वर्षी, निदान दोनदा तरी तपासल्याशिवाय मला ती वजाबाकी लिहिण्याचा धीर होणार नाही. पाडलेल्या तीन झाडांवाचून हे तपासणे शक्य झाले नसते.

क्षेत्रफळाबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आम्ही फांदीची लांबी आणि मधली रुंदी मोजून तिचे क्षेत्रफळ काढतो, मग तिच्यावर सुया उरलेल्या असोत वा नसोत. अळ्यांची संख्या उरलेल्या कोंबांच्या प्रमाणात काढली तर खाऊन उजाड झालेल्या फांदीवरची दाटी आपोआप वाढलेली दिसते, कारण भाजक लहान झालेला असतो.

२० जून

झाडाझाडांतला फरक एकाच झाडातल्या दोन फांद्यांच्या फरकापेक्षा फार मोठा आहे. त्यामुळे जंगलाचा अंदाज हवा असेल तर एका झाडाच्या दहा फांद्या घेण्यापेक्षा दहा झाडांची एकेक फांदी घेणे शहाणपणाचे ठरते. दिशेचा, म्हणजे उत्तर-दक्षिणेचा, परिणाम आमच्या नोंदींत उंचीच्या परिणामापुढे नगण्य दिसतो.

२७ जून

अळ्या आता सहाव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत आहेत. लांबी अडीच सेंटिमीटरच्या जवळपास, डोके काळसर, अंग तांबूस तपकिरी आणि पाठीवर फिकट ठिपक्यांच्या जोड्या. अळी जन्मभर जेवढे खाते त्यातले ८० टक्क्यांहून अधिक ती या एकाच अवस्थेत खाते. दहा दिवसांपूर्वी हिरवे दिसणारे रान या आठवड्यात तांबडे पडले. अळी सुई बुडाशी कुरतडते आणि अर्धवट टाकून देते. तुटलेल्या सुया धाग्यात अडकून वाळतात आणि लांबून झाडाला आग लागून गेल्यासारखे दिसते.

तांबडेपणा वरून खाली उतरत आहे. पाचव्या झाडाचा अ पट्टा पूर्ण संपला, ब मध्ये तुरळक हिरवे आहे, आणि ड अजून ताजा वाटतो. आज दुपारी त्या झाडाखाली उभी होते तेव्हा अंगावर, टोपीवर, वहीच्या पानावर अळ्या उतरत होत्या. विष्ठेचे कण वाळक्या पानांवर पडण्याचा आवाज हलक्या पावसासारखा येत होता. यंदाचे कोंब संपल्याशिवाय ही अळी जुन्या सुयांना सहसा तोंड लावत नाही. पाचव्या झाडाच्या वरच्या भागात ती आता जुन्या सुया खाऊ लागली आहे.

पानाच्या वयावरून किडींची वाटणी होण्याचा प्रकार मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण तो चंद्रपूरकडच्या सागावर. तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला एक अळी कोवळी पालवी फस्त करते, आणि दिवस सरल्यावर दुसऱ्याच जातीची अळी पक्व पानांचा गर खाऊन शिरांची जाळी तेवढी ठेवते. सूचिपर्णी झाडांत हे आणखी ठळक होते, कारण एकाच फांदीवर अनेक वर्षांच्या सुया एकामागे एक असतात: टोकाला यंदाच्या, आणि बुडाकडे जावे तशा जुन्या. स्प्रूस बडवर्म टोकाची धनीण आहे. पाइनवरील काही सॉफ्लाय अळ्या उलट जुन्या सुयांवर घोळक्याने बसतात, आणि हेमलॉक लूपर ही आणखी एक अळी कोवळ्यापासून सुरुवात करून जुन्यांवरही येते, दोन्ही अर्धवट कुरतडून टाकते. या तिघींसाठी एकच नमुनापद्धत वापरता येणार नाही.

५ जुलै

कोष दिसू लागले. ते बहुतेक वेळा कोंबाजवळच्या धाग्याच्या जाळ्यात, डोके खाली करून लटकलेले असतात. खालच्या पट्ट्यांत त्यांचा वाटा सुरुवातीच्या अळ्यांच्या वाट्यापेक्षा स्पष्टपणे मोठा आहे. १७ जूनला कागदावर मांडलेले सरकणे झाडांवरही झाले आहे.

पक्ष्यांचीही एक नोंद करते. रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते की स्प्रूसच्या जंगलात एकत्र राहणारे पाच जातींचे वॉर्बलर एकाच झाडाचे वेगवेगळे भाग धुंडाळतात. आपल्या वटवट्यांसारखे दिसणारे, पण निराळ्या कुळातले हे चिमुकले पक्षी आहेत. केप मे वॉर्बलर शेंड्याच्या बाहेरच्या टोकांवर असतो, बे-ब्रेस्टेड मधल्या भागात आत खोडाकडे वावरतो. हे दोघेही बडवर्मच्या उद्रेकात वाढतात. अळी वरून खाली सरकते तेव्हा ती एका पक्ष्याच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत जात असते. पक्ष्यांमुळे होणारी मर केवळ एका पट्ट्यातून काढली, तर एकाच्या कामाचे श्रेय दुसऱ्याला जाईल. हे मोजण्याचे साधन यंदा आमच्याकडे नाही.

१९ जुलै

पतंग उडू लागले आहेत. मादी बाहेर पडते तेव्हा अंड्यांनी जड असते, आणि बहुधा काही अंडी जवळच घातल्यावरच ती लांबचे उड्डाण करते. त्यामुळे अंड्यांचा एक हिस्सा जिथे कोष होता त्याच्या आसपास पडतो आणि दुसरा हिस्सा दूरच्या झाडांवर जातो.

अंडीपुंज सुयांच्या खालच्या बाजूला, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक सरकवून लावलेले असतात, एका पुंजात साधारण २० अंडी. उन्हातल्या वरच्या फांद्यांना मादीची पसंती असते, पण आमच्या उजाड शेंड्यांवर सुयाच उरलेल्या नाहीत, आणि तिथे आज एकही पुंज सापडला नाही. ब आणि क मध्ये भरपूर सापडले. निरोगी झाडांवर बनवलेले गुणोत्तर इथे लावले असते तर अ पट्ट्यात नसलेल्या अंड्यांचा आकडा लिहिला गेला असता.

आणखी एक सापळा आहे. गेल्या वर्षीचे रिकामे पुंज सुयांना तसेच चिकटून राहतात. ताजा पुंज फिकट हिरवा असतो. यंदाचा उबवून गेलेला पुंज पांढरा आणि पारदर्शक दिसतो, तर जुना मळकट असतो व त्याच्या कडा झिजलेल्या असतात. शंका असलेला प्रत्येक पुंज आम्ही दोघांनी वेगवेगळा पाहून मगच लिहिला. मतभेद झाला तिथे 'अनिश्चित' असा वेगळा रकाना केला आहे.

७ ऑगस्ट

पहिल्या अवस्थेतील अळ्या काही न खाता दडण्याच्या जागा शोधत आहेत. धाग्यावर तरंगत जाण्याचा हा वर्षातला दुसरा काळ. त्या एवढ्या लहान आहेत की उभ्या झाडावर मोजणे अशक्य आहे. आजपासून ऑक्टोबरपर्यंत काम थांबेल.

२३ ऑक्टोबर

थंडी पडली आहे, पहाटे गवतावर दहिवर गोठलेले होते. हिवाळी मोजणीसाठी मधल्या पट्ट्यातील ७५ सेंटिमीटरच्या फांद्या कापून आणल्या. या वेळी कात्रीला झोळी लागत नाही, कारण अळ्या त्यांच्या रेशमी कप्प्यांत पक्क्या आहेत. फांद्यांचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात भिजवले की रेशीम विरघळते आणि अळ्या सुटतात. मग द्रावण चाळण्यांतून गाळून, उरलेला गाळ फिल्टर कागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. हे काम हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे लागते, आणि खोलीत राळ व साबणासारखा तीव्र वास भरून राहतो.

मात्र हिवाळ्यातील अळी फक्त फांदीच्या टोकाकडच्या भागात नसते. जाड फांद्यांच्या बुडाशी आणि खोडाच्या सालीतही ती असते, आणि ७५ सेंटिमीटरच्या तुकड्यात हा भाग येतच नाही. मे महिन्यात प्रकाशाकडे चालत येणाऱ्या अळ्यांपैकी काही तिथून निघालेल्या असतात. म्हणून आम्ही तीन झाडांच्या चारही पट्ट्यांतून एकेक फांदी खोडापासून पूर्ण कापून आणली, तिचे टोक, मध्य आणि बूड असे तीन भाग केले आणि प्रत्येक भाग वेगळा धुवायला घेतला. खोडाच्या सालीचे हातभर तुकडेही सोलून आणले आहेत.

पहिल्या झाडाच्या क पट्ट्यातली फांदी आज पूर्ण झाली. टोकाच्या भागात ९ अळ्या, मध्यात १४ आणि बुडाशी ६. बुडाच्या सहापैकी पाच अळ्या दगडफुलाच्या एकाच चकतीखालच्या तुकड्यातून निघाल्या. उद्या त्याच झाडाचा ब पट्टा धुवायचा आहे आणि त्यानंतर साल. जूनमध्ये काढलेले क्षेत्रफळाचे आकडे हिवाळ्यातील अळीला लावता येतील की दगडफूल आणि सालीसाठी वेगळा हिशेब करावा लागेल, हे त्या धुण्यावरून ठरवायचे आहे.